अभिनंदन करण्याआधी दोन पानं वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा पटकथालेखकांचा चौदा जणांचा गट तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी भेटतो. यंदा लागोपाठ तीन चांगल्या बातम्या आल्या. एकीने लिहिलेल्या लघुपटाची महोत्सवात निवड झाली, एकाची पटकथा स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचली आणि एकाची पटकथा निर्मात्याने ऑप्शनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राखून, घेतली. प्रत्येक वेळी तुम्ही बैठकीच्या सुरुवातीला बातमी सांगितलीत, टाळ्या झाल्या, व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे संदेश आले. पण त्यानंतर बैठकीत एक अवघडलेपण येऊन बसलं. लोक पानं आणेनासे झाले, दोघं तर यायचेच थांबले. आता यश जाहीर करणं बंद करावं का, असं तुम्ही विचारता आहात.

बंद करू नका. मात्र आजवर तुम्ही साजरी केलीत ती बातमी. ती ज्या कामातून आली, ते काम त्या खोलीत कुणी ऐकलंच नाही. मला जे सांगायचं आहे ते सगळं याच्याभोवती आहे.

मी सोळा वर्षं असाच एक गट चालवतो आहे. स्वतः लिहितो, आणि दुसऱ्यांच्या पटकथा वाचून नोट्स, म्हणजे सुधारणेच्या सूचना, देण्यावर माझं पोट चालतं. पाचव्या वर्षी आमच्याकडेही हेच झालं होतं, तेव्हा तुमची काळजी मला चांगली कळते.

आधी त्या शांततेबद्दल बोलू. तिला लगेच हेवा म्हणू नका. गटातली माणसं एकमेकांची कच्ची पानं वाचतात. ज्याचा पहिला ड्राफ्ट आपण अडखळत, रेंगाळत ऐकला, तो एके दिवशी ‘निवड झाली’ एवढ्या एका वाक्यात समोर उभा राहतो. मधली दोन वर्षं त्याने काय केलं, किती सीन फेकले, कुठे अडला, कुणाच्या सांगण्यावरून शेवट बदलला, यातलं काहीच ऐकणाऱ्याला दिसत नाही. मग तो आपल्या अर्धवट पटकथेकडे बघतो आणि म्हणतो, त्याला जमलं, मला नाही जमत. मधला रस्ता दिसला असता तर तोच माणूस घरी जाऊन लिहायला बसला असता.

आपल्या कामाची एक अडचण इतर लेखकांना नसते. कवीची कविता वाचकापर्यंत पोचते, कादंबरीकाराचं पुस्तक निघतं. पटकथा लिहिली जाते ती तिच्यातून दुसऱ्या कुणीतरी काहीतरी उभं करावं म्हणून, आणि बहुसंख्य पटकथांमधून कधीच काही उभं राहत नाही. त्यात त्या वाईट असतात असंही नाही. पैसा उभा राहत नाही, नट तारखा देत नाही, निर्मात्याचा विचार बदलतो. पडद्यावर नाव आलं तरच यश असं धरलं, तर उत्तम लेखकालाही दहा दहा वर्षं साजरं करायला काही सापडणार नाही.

या बाबतीत फ्रँकलिन लेनर्ड यांनी केलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. २००५ साली ते हॉलिवूडच्या एका निर्मिती संस्थेत पटकथा वाचून निवडण्याचं काम करत होते. त्यांनी आपल्यासारखंच काम करणाऱ्या लोकांना विचारलं, की तुम्हाला यंदा आवडलेल्या, पण अजून ज्यांचा चित्रपट झालेला नाही अशा पटकथा कोणत्या? आलेल्या उत्तरांची त्यांनी यादी केली. तीच ‘ब्लॅक लिस्ट’. दरवर्षी निघणाऱ्या या यादीला कुणी सर्वोत्तमची यादी म्हणत नाही, सर्वाधिक आवडलेल्या पटकथांची यादी म्हणतात, आणि तिच्यातल्या कित्येक पटकथांचे पुढे चित्रपट झाले. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं, की चित्रपट होण्याआधीच, निव्वळ कागदावर असलेल्या पटकथेला कुणीतरी मोठ्याने म्हटलं, ही आम्ही वाचली आणि आम्हाला आवडली. तुमच्या गटाला हेच करायचं आहे, चौदा माणसांपुरतं.

मग कशाकशाला यश म्हणायचं? आमच्याकडे पहिलं मोठं यश म्हणजे पूर्ण झालेला पहिला ड्राफ्ट. पूर्ण लांबीची पटकथा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, साधारण नव्वद ते एकशे वीस पानं. एक पान म्हणजे पडद्यावरचं अंदाजे एक मिनिट, हा हिशोब तुम्हाला माहीतच आहे. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना वाटतं यात काय विशेष. ज्यांनी साठाव्या पानावर अडकून आठ महिने काढलेत त्यांना कळतं. याच्याइतकाच मान मी पुनर्लेखनाला देतो. पंधरा-वीस जागी शब्द बदलले ते पुनर्लेखन नव्हे. पहिल्या पानापासून नव्याने लिहिलेला ड्राफ्ट, ज्यात लेखकाने स्वतःचा लाडका सीन काढून टाकला, तो माझ्या लेखी स्पर्धेतल्या बऱ्याच बक्षिसांपेक्षा मोठा आहे. त्यानंतर येतं पाठवणं. पटकथा घराबाहेर पडली, अनोळखी माणसाच्या हाती गेली, हे धाडसच आहे. आणि तपशीलवार कारणांसह आलेला नकार हीसुद्धा नोंद करण्याजोगी गोष्ट आहे, कारण कुणीतरी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तशी कारणं लिहिता येत नाहीत.

नोंदणीला मात्र मी यश म्हणत नाही. लेखक संघटनेकडे पटकथा नोंदवणं हे घराला कुलूप लावण्यासारखं आहे. ते करायलाच हवं, पण त्यासाठी टाळ्या नकोत.

आमच्या गटाची एक वही आहे, साधी रेघांची. बैठक संपली की त्या दिवसाची नोंद होते. ‘अमुकचा तिसरा ड्राफ्ट पूर्ण, १३२ पानांवरून १०४ वर.’ ‘तमुकची ट्रीटमेंट दोन निर्मात्यांकडे गेली, एकाचं उत्तर: मध्यंतरानंतर नायिका हरवते.’ ‘पहिलं नरेशन, सव्वा तास, समोरचा एकदाही फोनकडे वळला नाही.’ (ट्रीटमेंट म्हणजे पटकथेआधी गद्यात मांडलेली गोष्ट, नरेशन म्हणजे ती निर्मात्यासमोर बसून ऐकवणं.) ही शेवटची नोंद लिहिताना त्या मुलीचा चेहरा कसा फुलला होता ते मला अजून आठवतं. ‘खूप छान’, ‘दमदार’, ‘मोठी झेप’ असले शब्द वहीत चालत नाहीत. काय झालं ते जसंच्या तसं लिहायचं. नेमकं लिहिलं की कौतुक आपोआप त्यात येतं, आणि सहा महिन्यांनी वही चाळणाऱ्याला कळतं की १३२ ची १०४ पानं करता येतात.

आता स्पर्धांकडे येतो, कारण तुमच्या तीन बातम्यांपैकी एक स्पर्धेची आहे. उपांत्य फेरी म्हणजे काय, हे गटातल्या किती जणांना ठाऊक होतं? बहुतेकांना ‘जिंकला नाही’ एवढंच ऐकू गेलं असेल. ऑस्कर देणाऱ्या अकादमीची निकोल फेलोशिप घ्या. १९८६ पासून ती नवोदित पटकथाकारांना दिली जाते. २०१४ साली तिच्यासाठी ७,५११ पटकथा आल्या होत्या, आणि फेलोशिप वर्षाला जास्तीत जास्त पाच. एवढ्या गर्दीतून तेव्हा उपांत्यपूर्व फेरीत पोचायच्या त्या साधारण वीसात एक, उपांत्य फेरीत त्यातल्याही निम्म्याहून कमी उरायच्या. म्हणजे उपांत्य फेरीतल्या पटकथेने हजारो पटकथा मागे टाकलेल्या असायच्या आणि ती अनेक वाचकांच्या नजरेखालून गेलेली असायची. तुमच्या सदस्याची स्पर्धा वेगळी असेल, तिचे आकडे लहान असतील. जे असतील ते सांगा. किती आल्या, किती उरल्या, कुणी वाचल्या. आकडा सांगितला की फुगवावं लागत नाही आणि कमीही लेखलं जात नाही.

याची दुसरी बाजू अवघड आहे, पण ती टाळून चालणार नाही. भरमसाट प्रवेशशुल्क घेऊन महिन्या-महिन्याला डझनभर विभागांत पुरस्कार वाटणारे महोत्सव आता पुष्कळ झालेत. पोस्टरवर सोनेरी पानांची चक्रं लावून सदस्य आनंदाने दाखवतो, आणि खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत असतं की त्या पुरस्कारामागे पटकथा कुणी वाचलेलीही नसेल. त्या क्षणी काहीही बोललात तरी चूक. खरं बोललात तर चारचौघांत त्याचा पाणउतारा, खोटं बोललात तर तुमच्या पुढच्या प्रत्येक कौतुकाची किंमत कमी. म्हणून हे बोलणं निकालाच्या दिवशी करायचंच नाही, पाठवण्याच्या आधी करायचं. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला एक अख्खी बैठक यावर घालवतो. कुठे पाठवायचं, वाचणारे कोण आहेत, लेखी नोट्स मिळतात का, आधी निवडलेल्या लेखकांचं पुढे काय झालं. पैसे आणि उमेद दोन्ही वाचतात. एवढं करूनही कुणी तसा पुरस्कार घेऊन आलाच, तर मी एवढंच विचारतो, ‘त्यांनी पटकथेबद्दल काय लिहिलंय? वाचून दाखव ना.’ काही लिहिलं असेल तर आम्ही त्यावर बोलतो. नसेल तर त्याला स्वतःलाच जाणवतं, आणि ते एकट्याला जाणवलेलं बरं.

लॅबचं थोडं वेगळं असतं. अमेरिकेतली सनडान्स ही संस्था १९८१ पासून लॅब, म्हणजे निवडक लेखकांसोबत त्यांच्या पटकथेवर काम करणाऱ्या कार्यशाळा, भरवत आली आहे. तिथे निवड होणं म्हणजे पटकथा तयार झाली असं नसतं. हिच्यावर अजून काम करण्यासारखं आहे आणि आम्ही ते तुमच्यासोबत करू इच्छितो, असा त्याचा अर्थ. अशा बातमीनंतर ‘आता काय, झालंच!’ असं कुणी म्हणालं की लेखकाच्या पोटात गोळा येतो. त्याला खरी मेहनत पुढे दिसत असते.

ऑप्शनबद्दल गटाला एकदा नीट समजावून सांगा. निर्माता ठरावीक मुदतीसाठी, बहुतेकदा वर्ष-दीड वर्षासाठी, पटकथेवरचा हक्क राखून ठेवतो आणि त्याबद्दल काही रक्कम देतो. मुदतीत त्याने पटकथा विकत घेतली नाही आणि मुदत वाढवलीही नाही, तर हक्क लेखकाकडे परत येतात. म्हणजे ऑप्शन ही विक्री नव्हे, आणि ऑप्शन संपणं हे अपयश नव्हे. हे आधीच माहीत असलं, तर अठरा महिन्यांनी ‘पटकथा परत आली’ हे वाक्य ऐकून कुणी सुतकी चेहरा करणार नाही.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका सदस्याने मला एकट्याला सांगितलं होतं, की एका निर्मात्याशी बोलणं पक्कं झालंय, करार दोन-चार दिवसांत येईल. मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी मी बैठकीत सांगून टाकलं. टाळ्या झाल्या. करार आलाच नाही. पुढचे चार महिने त्याला जो भेटेल तो विचारत राहिला, ‘काय झालं रे तुझ्या त्या सिनेमाचं?’ शेवटी तो मला म्हणाला, ‘सर, मला नकार एकदाच आला असता. तुमच्यामुळे तो मला पंचवीस जणांना सांगावा लागला.’ मी त्याची माफी मागितली, एकट्यात आणि नंतर बैठकीतही. त्या दिवसापासून कुणाचीही बातमी मी सांगत नाही. ज्याची आहे त्याने सांगायची, त्याला हवं तेव्हा, हवं तेवढं. मी आधी फक्त विचारतो: सही झाली का, करारात गोपनीयतेचं कलम आहे का, निर्मात्याला आधी जाहीर करायचंय का. वेब मालिकांच्या करारांत असं कलम हमखास असतं. एका उत्साही पोस्टमुळे लेखक अडचणीत येऊ शकतो, आणि त्या वेळी पोस्ट लिहिणारा गट त्याला सोडवायला जाऊ शकत नाही.

नावाच्या आणि श्रेयाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. गटानेही तसं असावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे कथा, पटकथा, संवाद अशी श्रेयं वेगळी दिली जातात. तेव्हा ‘त्याने सिनेमा लिहिला’ असं मोघम म्हणू नका. संवाद लिहिले असतील तर संवाद म्हणा. दोघांनी मिळून पटकथा लिहिली असेल तर दोन्ही नावं घ्या, त्यातला दुसरा तुमच्या गटात नसला तरी. अमेरिकेच्या रायटर्स गिल्डमध्ये तर दोन नावांमधल्या चिन्हालाही अर्थ आहे. ‘अँड’ची खूण, म्हणजे अँपरसँड (&), असेल तर दोघांनी एकत्र बसून लिहिलं, ‘अँड’ हा शब्द असेल तर वेगवेगळं लिहिलं, बहुधा एकामागून एक. एवढ्याशा फरकासाठी लेखक भांडले असतील, तेव्हाच तो नियमात आला असणार.

नाव घेतलं न जाणं म्हणजे काय, हे अमेरिकन पटकथाकार डाल्टन ट्रम्बो यांच्या बाबतीत घडलेल्या गोष्टींतून कळतं. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लेखकांना काम नाकारणाऱ्या हॉलिवूडच्या काळ्या यादीच्या काळात त्यांना स्वतःच्या नावाने लिहिता येत नव्हतं. (लेनर्ड यांच्या यादीचं नाव तेच, अर्थ नेमका उलटा.) १९५७ च्या सोहळ्यात ‘द ब्रेव्ह वन’च्या कथेला ऑस्कर मिळालं, तेव्हा पुकारलं गेलेलं नाव होतं रॉबर्ट रिच, आणि त्या नावाचा लेखक अस्तित्वातच नव्हता. ती बाहुली ट्रम्बो यांच्या हातात आली १९७५ साली, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. ‘रोमन हॉलिडे’च्या कथेचं ऑस्कर त्यांच्या नावे झालं ते १९९३ साली, मरणोत्तर. त्या चित्रपटाच्या श्रेयात रायटर्स गिल्डने त्यांचं नाव परत घातलं २०११ मध्ये. तुमच्या गटात कुणीतरी आज बिननावाने लिहीत असेल. कुणाच्या तरी मालिकेचे भाग, कुणाचा तरी अडलेला दुसरा अंक. बाहेर त्याला काही सांगता येत नाही. गटाच्या चार भिंतींत, त्याची तयारी असेल आणि करार आड येत नसेल तर, ‘हे याने लिहिलंय’ हे वाक्य मोठ्याने म्हणा. ते ऐकायला त्याला दुसरी जागाच नसते.

आता साजरं करण्याच्या पद्धतीबद्दल. आमची पद्धत एका वाक्यात मावते: ज्याची बातमी, त्याची दोन पानं वाचायची. भाषण नाही, पुष्पगुच्छ नाही. लेखक स्वतः एक सीन निवडतो आणि त्याची दोन रूपं आणतो, पहिल्या ड्राफ्टमधलं आणि शेवटच्या ड्राफ्टमधलं. वाचतात इतर जण, लेखक फक्त ऐकतो.

हे पहिल्यांदा केलं तो दिवस सांगतो. आमच्यातल्या एका ताईंची पटकथा लॅबसाठी निवडली गेली होती. त्यांनी आणलेला सीन असा: बाप आणि मुलगी गच्चीवर वाळलेले कपडे काढताहेत. मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली आहे आणि ते तिला वडिलांना सांगायचं आहे. पहिल्या ड्राफ्टमध्ये हा सीन चार पानांचा होता. मुलगी सांगते, बाप गप्प होतो, मग चिडतो, मग आपल्या तरुणपणाबद्दल बोलतो, मग दोघं रडतात. आम्ही तो वाचला. वाईट नव्हता, पण तिसऱ्या पानापर्यंत खुर्च्यांची चुळबुळ ऐकू यायला लागली.

मग सातवा ड्राफ्ट. कृतीच्या ओळी मी वाचल्या. बाप मोठ्या चादरीची दोन टोकं धरतो, मुलगी दोन. घडी घालायला दोघं जवळ येतात, पुन्हा लांब जातात. दुसरी घडी, पुन्हा जवळ. मुलगी बोलायला तोंड उघडते, बाप चादरीचं टोक ताणतो, ती थांबते. शेवटच्या घडीला चादर बापाच्या हातात येते. तो ती तळव्याने सारखी करतो आणि तिच्याकडे देतो. ‘ही बॅगेत वरच ठेव. तिकडे पहाटे गारवा असतो.’ संपला सीन. पाऊण पान. बापाला आधीच कळलेलं होतं.

वाचून झाल्यावर कुणी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. मग ताई म्हणाल्या, ‘मला हे सुचलं नव्हतं. चौथ्या ड्राफ्टच्या वेळी यांनी विचारलं होतं, की त्या दोघांचे हात मोकळे कशाला ठेवलेत?’ आणि त्यांनी कोपऱ्यात बसणाऱ्या एका माणसाकडे बोट दाखवलं. तो रात्रपाळीला जायचा, बैठकीत फारसा बोलायचा नाही. आपण हे विचारलं होतं हे तो विसरूनही गेला होता. दीड वर्षात त्याने स्वतःचं एक पानही आणलेलं नव्हतं. पुढच्या बैठकीला तो नऊ पानं घेऊन आला.

तेव्हापासून आमच्याकडे एक पायंडा पडला आहे. ज्याची बातमी आहे त्याने गटातल्या एका तरी माणसाचं नाव घेऊन सांगायचं, की तुमची अमुक नोट मला उपयोगी पडली. सरसकट ‘सगळ्यांचे आभार’ चालत नाहीत. नोट कोणती, कुठल्या पानावर, तिच्यामुळे काय बदललं, हे सांगायचं. यात शिष्टाचार म्हणून काही नाही, हे खरोखर तसंच घडलेलं असतं. कुठलीही पटकथा सातव्या ड्राफ्टपर्यंत एकट्याच्या बळावर जात नाही. आणि ज्याची नोट वापरली गेली त्याला, स्वतःची पटकथा अडलेली असली तरी, आपला कान शाबूत आहे हे कळतं. लिहायला परत बसण्यासाठी कधी कधी तेवढंच पुरतं.

तरीही हेवा वाटणार, आणि तो मला वाईट वाटत नाही. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या लेखकाचं नाव मोठ्या पडद्यावर आलं त्या रात्री मी जागा होतो. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून मी जे म्हणालो ते खरं होतं: ‘मला आनंद झालाय आणि त्रासही होतोय, दोन्ही.’ आमची मैत्री त्या फोनने पक्की झाली. गटप्रमुख म्हणून एवढं करा, की हे बोलायला जागा ठेवा. आनंद झालाच पाहिजे अशी सक्ती करू नका. व्हॉट्सॲपवर कुणी अभिनंदन केलं नाही याची मनात नोंद ठेवू नका.

उलट टोकालाही जाऊ नका. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून दर बैठकीला प्रत्येकाच्या कसल्या ना कसल्या यशासाठी टाळ्या, असं मी काही गटांत पाहिलंय. तीन सीन लिहिले, टाळ्या. शीर्षक बदललं, टाळ्या. लेखक भोळे नसतात, आपल्याला समजूत म्हणून दिलेली टाळी त्यांना ओळखू येते. पूर्ण झालेला ड्राफ्ट आणि सुचलेली कल्पना यांना एका मापाने मोजलं, तर ड्राफ्ट पूर्ण करणाऱ्याच्या रात्रींना काही अर्थ उरत नाही.

वेळेचंही सांगतो. बातमी बैठकीच्या सुरुवातीला नको. सुरुवातीला सांगितलीत की त्यानंतर ज्याची पानं वाचायची असतात, तो बिचारा त्या उजेडात उभा राहतो. आधी त्या दिवशीची पानं वाचा, नोट्स होऊ द्या, शेवटची वीस मिनिटं बातमी आणि तिच्या सीनसाठी ठेवा. एवढ्या एका बदलानेही तुमच्या बैठकीतलं अवघडलेपण बरंच उतरेल असं मला वाटतं. वर्षातून एकदा आम्ही फक्त वाचनाची संध्याकाळ करतो. प्रत्येकाचं एक पान, चिठ्ठ्या टाकून क्रम, बातमी असो वा नसो. त्या दिवशी कुणाच्या नावामागे काही लावत नाही.

समाजमाध्यमांवर टाकायचं असेल तर लेखकाला मजकूर दाखवूनच टाका, श्रेय तपासून घ्या आणि ‘आमच्या गटाने घडवलेला’ असलं काही लिहू नका. लिहिलं त्याने आहे.

राहिले ते दोघं, जे येईनासे झाले. त्यांना ‘या ना, सगळे आठवण काढतात’ असा फोन करू नका. त्यांना वाटेल, आपण टाळ्या वाजवायला हवे आहोत. तीन वर्षांत त्यांनी वाचलेली पानं तुमच्याकडे कुठेतरी असतील. ती काढा आणि फोन करण्याआधी पुन्हा वाचा. त्यातला एखादा सीन, एखादी ओळ, एखादं पात्र तुमच्या मनात राहिलं असेल, त्याच्याबद्दलच बोला. ‘तुमच्या त्या सीनमधला माणूस दार उघडून आत का गेला नाही, हे मला अजून कळलेलं नाही,’ असं काहीतरी म्हणा. पुढचं पान लिहिलंय का, विचारा. नसेल लिहिलं, तर ती आधीची पानं पुढच्या बैठकीत वाचू का, याची परवानगी मागा, आणि ‘नको’ म्हणाले तर पुन्हा महिन्याभराने विचारा.